गोंदणातला गुलाब

मनुष्य चित्रे काढतो ती कागदावर, कापडावर, भिंतीवर नाही तर अंगणात. कागद फाटतो, भिंत पुन्हा सारवली जाते, आणि सकाळी घातलेली रांगोळी सायंकाळपर्यंत पायांखाली जाते. परंतु एक चित्र असे आहे की, ज्याच्यासाठी ते काढावयाचे तो स्वतःच त्या चित्राचा कागद होतो, आणि चुकलेली रेघ पुसावयास तेथे रबर नसते. या चित्रास आपले आजोबा-आजी गोंदण म्हणत आले. आजची मुले त्यास टॅटू म्हणतात. नाव बदलले तरी सुई तीच, कातडी तीच आणि कळही तीच.

या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले त्याचे कारण आमच्या वर्गातच घडले. आमच्या एका मित्राने गतवर्षी परगावच्या एका जत्रेत उजव्या दंडावर गुलाबाचे फूल गोंदवून घेतले. फूल रुपयाच्या नाण्याएवढे. पण त्यात पाकळ्या बारा-तेरा, प्रत्येक पाकळीला छटा, खाली दोन पाने आणि त्या पानांच्या शिरासुद्धा! जत्रेतील तक्त्यावर ते चित्र मोठे देखणे दिसत होते म्हणे. चौथ्या दिवशी दंड सुजला, पू झाला, ताप भरला. पुढे जखम भरून आली. परंतु आज त्या दंडावर जे उरले आहे त्यास कोणी वांगे म्हणतो, कोणी कोबीचा गड्डा म्हणतो. गुलाब म्हणणारा मात्र अजून भेटला नाही. मित्रही प्रथम आमच्याबरोबर हसत असे. आता तो हसत नाही; त्याचे कारण पुढे येईल.

त्याच सुमारास पोळ्यानिमित्त आमच्यापैकी एकीची आजी सौंसरकडील आपल्या खेड्यातून पांढुर्ण्यास आली. दुसऱ्या दिवशी गोटमार असल्यामुळे घरात पाहुण्यांची दाटी. आजी ओसरीवर हात पुढे करून बसलेली. तिच्या मनगटावर पाच ठिपके होते, त्याच्या वर तुळशीचे रोप होते, आणि दुसऱ्या हातावर नांगी उचललेला विंचू. आजीची सत्तरी उलटली आहे. गोंदले तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ त्या हाताने निंदण केले, शेण सारवले, भाकरी थापल्या, संत्र्यांच्या बागांत मजुरी केली. कातडीला सुरकुत्या पडल्या. पण तुळस तुळसच राहिली आणि विंचूही विंचूच राहिला.

एका वर्षात गुलाबाचा कोबी व्हावा आणि साठ वर्षांत तुळस बिघडू नये, याला काय म्हणावे? आजीला विचारले तर ती म्हणाली, "गोंदनारीनचा हात चांगला होता, माय." हे उत्तर खोटे नव्हे, पण पुरतेही नव्हे. म्हणून आम्ही थोडा शोध घेतला, शिक्षकांस विचारले, पुस्तके चाळली. त्यातून हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

गोंदण्याची कला फार जुनी. १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात एका पुरुषाचे शव सापडले. त्यास ओट्झी असे नाव पडले. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या त्या मनुष्याच्या अंगावर ६१ गोंदणे मोजण्यात आली आहेत, आणि ती सर्व म्हणजे केवळ आखूड रेघा व फुल्या! टॅटू हा शब्द पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा. १७६९ साली कॅप्टन कुक ताहिती बेटावर गेला, त्यानंतर तो युरोपीय भाषांत शिरला. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली याने १८९१ मध्ये मिळविले, आणि त्याची मूळ कल्पना एडिसनच्या विद्युत् लेखणीवरून घेतलेली होती. जगाचा इतिहास एवढा पुरे. आपल्या जिल्ह्याकडे वळू.

पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला; तत्पूर्वी पांढुर्णा व सौंसर हे छिंदवाडा जिल्ह्याचे तालुके होते. खाली नागपूर, वर सातपुडा. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि डोंगराकडच्या गावांत गोंडी. गोंदणाच्या बाबतीतही हा मुलूख असाच तिठ्यावर बसलेला आहे. मराठी घरांतील आज्यांच्या हातांवर तुळस, गोपद्म, चंद्र-सूर्य, पाळणा, विंचू ही चिन्हे दिसतात. गोंड स्त्रियांच्या अंगावर रेघा आणि ठिपक्यांच्या ओळी अधिक. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोंडांच्या गोंदणाचे वर्णन आहे, आणि गोंडांपैकी ओझा या शाखेच्या स्त्रिया गोंदण्याचे काम करीत असत, असेही त्यात नमूद केले आहे. पुरुष वाद्य वाजवून गाणी म्हणत आणि स्त्रिया गोंदीत, अशी ती विभागणी होती.

आपल्या प्रांतात गोंदणाचा सर्वांत भरगच्च आविष्कार पाहावयाचा तर पूर्वेकडे मंडला व दिंडोरी येथील बैगा लोकांत पाहावा. बैगा मुलीच्या कपाळावर लहानपणीच गोंदतात. पुढे वयाच्या टप्प्यांप्रमाणे पाठ, हात, पाय भरले जातात. तेथे रामतिळाचे, म्हणजे ज्यास आपण कारळे म्हणतो त्याचे तेल जाळून काजळी धरतात आणि एकत्र बांधलेल्या सुयांनी ती कातडीत भरतात. दिंडोरी जिल्ह्यातील लालपूरच्या मंगलाबाई मरावी यांनी हेच आकार कागदावर व कॅनव्हासवर उतरवून ते दूरदूरच्या लोकांस दाखविले आहेत. ज्या आकारांसाठी पूर्वी मुलींस रक्त सांडावे लागे, ते आता रंगाच्या कुंचल्याने जिवंत राहतात, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली.

कारण त्या जुन्या रीतीत सर्वच गोड होते असे नाही. आमच्या मैत्रिणीच्या आजीस कोणी विचारले नव्हते. दोन बायांनी तिला धरून ठेवले, गोंदणारीण गाणे म्हणत राहिली, आणि संपल्यावर हळदीचा लेप लावून हातावर गुळाचा खडा ठेवला. "रडली का गं आजी?" असे नातीने विचारताच आजी हसली आणि म्हणाली, "मंग काय हासन काय? पन सोनं-नानं इथंच रायते पोरी, हे तेवढं संगं येते." मेल्यानंतर अंगावरचे सर्व दागिने काढून घेतात, गोंदण मात्र बरोबर येते, हा समज मराठी मुलखात आणि गोंड-बैगांतही सर्वत्र आढळतो. ज्यांच्या अंगावर सोने चढण्याचा संभव नव्हता त्या बायांचा हा दागिना होता. तो चोर नेत नाही आणि सावकार गहाण ठेवून घेत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रंग कातडीत राहतो तरी कसा?

आपली कातडी दोन मुख्य थरांची आहे. वरची बाह्यत्वचा, हिच्या पेशी खालून तयार होत वर येतात आणि झडून जातात. महिना-दीड महिन्यात ती जवळजवळ नवी होते. मेंदी काही दिवसांत उतरते ती यामुळेच; ती फक्त या वरच्या थराला रंगविते. तिच्याखाली अंतस्त्वचा असते. गोंदणाऱ्या सुईने साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, या दुसऱ्या थरात रंग पोचविला पाहिजे. कमी खोल गेली तर रंग खपलीबरोबर निघून जातो. अधिक खोल गेली तर रंग चरबीच्या थरात शिरून शाई टिपकागदावर पसरावी तसा पसरतो. आमच्या मित्राच्या गुलाबाला पहिला धक्का बहुधा येथेच बसला असावा.

रंगाचे कण आत शिरले की शरीरास ते परके वाटतात. त्यांना गिळून टाकण्यासाठी भक्षक पेशी धावून येतात. त्या कण गिळतात. पण काजळीचा कण त्यांना पचत नाही आणि त्या तेथेच अडकून पडतात. मग या पेशी मेल्यावर काय होते? २०१८ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, जुनी भक्षक पेशी मेली म्हणजे कण मोकळे होतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते लगेच गिळते. म्हणजे आजीच्या हातावरची तुळस साठ वर्षे एकाच ठिकाणी स्वस्थ बसलेली नाही. ती एका पहारेकऱ्याने दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, अशी हातोहात चालत आलेली आहे.

या हातबदलीत थोडी सांडलवंड होणारच. काही कण बाजूस सरकतात, काही लसिकावाहिन्यांतून काखेतल्या गाठींपर्यंत जातात. परिणामी प्रत्येक रेघ वर्षानुवर्षे किंचित रुंद आणि किंचित फिकी होत जाते. काळी काजळी कातडीखाली निळसर-हिरवट दिसते ती मात्र रंग बिघडल्यामुळे नव्हे. कातडीतून जाणारा प्रकाश विखुरतो; निळा भाग परत फिरतो, बाकीचा काजळीत शोषला जातो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यामागेही बरेचसे असेच कारण आहे.

इतके कळल्यावर आजीच्या तुळशीचे रहस्य उघड झाले. तुळस कशी काढली आहे ते आम्ही वहीत उतरवून पाहिले. एक उभी रेघ; तिच्या दोन्ही अंगांना तिरप्या आखूड रेघा; तळाशी चौकोन, ते वृंदावन. बस. दोन रेघांमध्ये रेघेच्या जाडीच्या तिप्पट-चौपट मोकळी जागा सोडलेली होती. साठ वर्षांत रेघा रुंदावल्या, पण एकमेकींस भिडल्या नाहीत, कारण भिडण्यास त्यांना फार दूर जावे लागले असते. मित्राच्या गुलाबात मात्र बारा पाकळ्या नाण्याएवढ्या जागेत दाटीवाटीने बसविलेल्या. तेथे सुई नीट चालली असती आणि पू झाला नसता, तरी दहा-पंधरा वर्षांत त्या पाकळ्यांचे एकच डबके झाले असते. गोंदणारणीस भक्षक पेशी ठाऊक नव्हत्या. तिच्या आजीच्या आजीने म्हाताऱ्या बायांचे हात पाहिले होते, आणि जे चित्र म्हातारपणीही ओळखू येते तेवढेच पुढे शिकविले होते. साधेपणा हा तिच्या कलेचा तोकडेपणा आहे असे आम्ही आजवर समजत होतो. तो कातडीच्या स्वभावाचा नेमका अभ्यास होता.

मग याच रीतीने गुलाब काढता येईल काय? आम्ही पाहिलेल्या जुन्या हातांवर गुलाब कोठे आढळला नाही. तेथे नुसते 'फूल' असते: मध्ये एक ठिपका आणि भोवती पाच किंवा आठ. गुलाब हे नावच मुळी फारसीतून आले. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, अर्थात गुलाबपाणी. पाण्याचे नाव फुलास चिकटले. पश्चिमेकडे मात्र गुलाब हे गोंदणाचे फार लोकप्रिय चित्र. दर्यावर्दी खलाशी घरच्या माणसांची आठवण म्हणून तो दंडावर वागवीत असत. तेथून चित्रपट, छापील तक्ते आणि आता भ्रमणध्वनी यांच्या वाटेने तो आपल्या जत्रेपर्यंत आला. पाहुणा आला यात काही वाईट नाही. मात्र पाहुण्यास घरची रीत सांगावी लागते.

फूल थोडक्या रेषांत पकडावयाचे तर आधी ते नीट पाहिले पाहिजे. आम्ही शाळेच्या बागेतला गावठी गुलाब टेबलावर ठेवला आणि वर्गातील प्रत्येकाला पाच रेघांत काढावयास सांगितले. बहुतेकांनी काढलेला गुलाब झेंडू झाला, काहींचा कांदा झाला. कारण सर्वांनी पाकळ्या मोजण्याचा यत्न केला! वास्तविक रानगुलाबास पाकळ्या पाचच असतात. बागेतल्या गुलाबाच्या अनेक पाकळ्यांपैकी पुष्कळशा या मूळच्या पुंकेसरांचे रूपांतर होऊन झालेल्या असतात. माळ्यांनी शेकडो वर्षे निवड करून त्या वाढविल्या. तेव्हा पाकळ्यांची गर्दी ही गुलाबाची ओळख नव्हेच. ओळख कशात आहे? मधोमध भोवऱ्यासारखी आत वळत जाणारी गुंडाळी, कळीखाली बाहेर वळलेली हिरवी निदले, एका देठावर पाच-सात पर्णिका असलेले, कडेला दाते असलेले पान, आणि काटा. या चारांपैकी कोणतीही दोन दाखविली तरी पाहणारा गुलाब म्हणून ओळखतो, असे आम्हांस आढळून आले. (जाता जाता सांगावयाचे म्हणजे, वनस्पतिशास्त्र गुलाबाच्या काट्यास खरा काटा मानीत नाही. खरा काटा आतून, लाकडातून येतो; गुलाबाचा हा केवळ सालीवरचा उगवलेला कंगोरा असतो आणि म्हणून बोटाने बाजूस दाबताच निखळतो. म्हणजे तोही एका परीने कातडीवरचेच नक्षीकाम!)

या निरीक्षणावरून आम्ही कागदावर काही आकार बसविले. त्यांतील सर्वांत सोपा म्हणजे कळी. पाण्याच्या थेंबासारखी एक बंद रेघ, तिच्यात वरून खाली उतरणारी एकच तिरपी रेघ, तळाशी दोन बाजूंस वळलेली दोन निदले, आणि देठ. पाच रेघांत काम संपते. पान काढू नये. एकच आंब्यासारखे पान लावले की ती कळी कशाचीही दिसू लागते. आंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत ही सुखाने मावते.

दुसरा आकार आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी सुचविला. लेखणी कागदावर टेकवावयाची आणि उचलावयाची नाही. मधल्या बिंदूपासून भोवऱ्याचे अडीच वेढे घ्यावयाचे. शेवटच्या वेढ्यात रेघेस तीन ठिकाणी हलकासा टोकदार बाक द्यावयाचा, म्हणजे त्या पाकळ्यांच्या कडा होतात. आणि तीच रेघ न तोडता खाली नेऊन तिचा देठ करावयाचा. जमला तर याच्यासारखा डौलदार आकार नाही. पण तो वाटतो तितका सोपा नाही. आमच्या वहीची सहा पाने गेली. शिवाय वेढे जवळजवळ आले तर पुन्हा तीच कोबीची गत. म्हणून तो लहान काढू नये. निदान दोन बोटे रुंद असावा आणि वेढे अडीचच असावेत, तीन नकोत.

तिसरा आम्हांस सर्वांत प्रिय झाला, कारण तो आपल्या घरचा आहे. आपल्या आया-बहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात ती आधी जागा आखते आणि मग रेघ फिरविते. त्याच रीतीने मध्ये एक ठिपका द्यावा, त्याच्याभोवती समान अंतरावर पाच ठिपके, आणि त्या पाचांच्या बाहेरून पाच उथळ कमानी काढाव्यात. कमानींची टोके एकमेकींस जोडू नयेत. प्रत्येक दोन कमानींच्या फटीत निदलाचे एक बारीक टोक बाहेर डोकावू द्यावे. हा रानगुलाब झाला. इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचे चिन्ह असलेला गुलाबही असाच पाच पाकळ्यांचा आणि पाकळ्यांच्या फटीतून निदले दाखविणारा आहे. १४८५ मध्ये सातवा हेन्री गादीवर आला, त्यानंतर लाल आणि पांढऱ्या गुलाबांचे ऐक्य म्हणून तो रूढ झाला. सौंसरच्या आजीचे 'फूल' आणि इंग्लंडच्या राजाचे फूल पाच ठिपक्यांवर एकत्र यावे, याची आम्हांस मोठी गंमत वाटली.

एका मुलाने मात्र सर्वांवर ताण केली. त्याने फूल काढलेच नाही. एक किंचित वाकलेला देठ, त्यावर खाली झुकलेले तीन काटे, आणि टोकाशी पाच दातेरी पर्णिकांचे एक पान. "फूल काल गळून गेले," असे त्याने वर सांगितले. वर्ग हसला. पण गुलाब म्हणून ते चित्र सर्वांनी ओळखले.

रंगाविषयी थोडके सांगावयाचे. एकट्या काळ्याने काढलेली रेघ सर्वांत अधिक टिकते. तांबडा रंग काहींच्या कातडीस सोसत नाही आणि खाज व गाठी आणतो. पुढे कधी काढून टाकण्याची वेळ आलीच तर लेसर किरणांना काळा रंग लवकर दाद देतो. हिरवा व पिवळा फार त्रास देतात. 'काढून टाकणे' हे नावापुरतेच सोपे. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा बसावे लागते, खर्च गोंदविण्याच्या कितीतरी पट येतो, आणि डाग राहून जाण्याचा संभव असतो तो वेगळाच.

जागेचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपणारा नाही. तळहातावर आणि बोटांच्या कडांवर गोंदलेले लवकर झिजते, कारण तेथील कातडी सतत घासली जाते. कोपर-गुडघ्यावर ते ताणले जाते. जुन्या बायांनी मनगटाचा वरचा भाग निवडला तो सर्व दृष्टींनी योग्य होता. परंतु आमच्या मित्राची अडचण वेगळीच आहे. आमच्याकडील पुष्कळ मुलांप्रमाणे तोही पहाटे उठून धावण्याचा सराव करतो, कारण त्यास सैन्यात जावयाचे आहे. भारतीय सैन्याच्या भरतीच्या नियमाप्रमाणे कायमचे गोंदण चालते ते फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि पंजाच्या पाठीवर. ज्या आदिवासी जमातींत चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण्याची परंपरा आहे, त्यांच्या उमेदवारांचा विचार त्या परंपरेनुसार निराळा केला जातो. मित्राचा गुलाब दंडावर आहे. चार बोटे खाली आणि आतल्या बाजूस असता तर प्रश्नच नव्हता. हे त्याला जत्रेत कोणी सांगितले नाही, आणि विचारावे हे त्यालाही सुचले नाही. आता तो लेसरची चौकशी करीत आहे. धावणे त्याने सोडलेले नाही.

याहून गंभीर गोष्ट सुईची. जत्रेत एका मागून एक हात पुढे येतात. सुई तीच, शाईची वाटी तीच, आणि मध्ये एका फडक्याने पुसणे. सुईवर राहिलेले रक्त डोळ्यांना दिसेल इतके असावे लागत नाही. अशा सुईने कावीळ ब आणि क यांचे विषाणू एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात, एच.आय.व्ही.चाही धोका असतो, आणि गंजलेल्या वा मळलेल्या सुईने धनुर्वात होऊ शकतो. यामुळेच आपल्या देशातील रक्तपेढ्या गोंदवून घेतलेल्या मनुष्याचे रक्त पुढील बारा महिने स्वीकारीत नाहीत. जो गोंदवून घेणार असेल त्याने सीलबंद पाकिटातली सुई आपल्या डोळ्यांदेखत उघडावयास लावावी, शाई स्वतंत्र टोपणात घ्यावयास लावावी, हातमोजे नवे आहेत की नाही ते पाहावे. हे विचारल्यावर ज्यास राग येतो त्याच्यापुढे हात करू नये. आणि आमच्या मते, वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तर मुळीच करू नये. हाडे व कातडी वाढत असतात तोवर चित्रही ताणले जाते हे एक कारण. दुसरे असे की, आठवीत ज्या गोष्टीवर जीव जडतो ती दहावीत पुष्कळदा आठवतही नाही. आजीला कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारणारे कोणी नसले तरी आपण स्वतःस विचारू शकतो.

तोपर्यंत मेंदी आहे. त्यातही बाजारात मिळणाऱ्या 'काळ्या मेंदी'पासून दूर राहावे. मेंदीच्या पाल्याचा रंग कधीच काळा नसतो, तो तांबूस-तपकिरी असतो. काळेपणासाठी केस रंगविण्याचे एक तीव्र रसायन त्यात मिसळतात आणि त्याने कातडीवर फोड येऊन कायमचे वण राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत. पाला वाटून केलेली साधी मेंदी मात्र निर्धोक, आणि आकाराची परीक्षा घेण्यास तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

आम्ही काढलेले सर्व कागद घेऊन त्या आजीकडे गेलो होतो. तिने एकरेषी गुलाब उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूस ठेवला. तिला तो गोगलगाय वाटला. कळी पाहून मान हलविली. पाच ठिपक्यांच्या रानगुलाबावर मात्र तिचे बोट थांबले. "हे आमचंच फूल होय. याले बाह्यरून कंगन घातलं तुमी," असे म्हणून तिने तो कागद नातीच्या हाती दिला.

नातीने तोच आकार मेंदीने आपल्या मनगटावर काढला. पहिल्या खेपेस कमानी जवळ आल्या आणि तिसऱ्या दिवशी आकार भरून गेल्यासारखा दिसू लागला. तो उतरल्यावर तिने पुन्हा काढला, या वेळी अंतर वाढवून आणि निदलांची टोके गाळून. पण मग त्याचे सदाफुलीचे फूल झाले. दिवाळीच्या सुट्टीत तिसरी खेप झाली. टोके परत आली आहेत, मधला ठिपका थोडा मोठा केला आहे, आणि खाली एक काटा दिला आहे. हे लिहीत असता तो तिच्या हातावर अर्धवट पुसट झालेला आहे. चौथ्या खेपेस काटा ठेवावा की नाही, याविषयी तिचा आणि आजीचा अद्याप वाद चालू आहे.